तुरीच्या गोतातलं झुडूप

मेलबर्न,
१९ ऑक्टोबर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

तूर फुलोऱ्यावर आल्याचं आणि ढगाळ हवेमुळे अळीची धास्ती असल्याचं आईने सांगितलं. इथे आता वसंत आहे. शहराच्या पूर्वेला डँडेनाँगचे डोंगर आहेत, तिथे तुरीच्याच गोतातलं एक जंगली झुडूप फुललंय. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

इथे त्याला हॉप बिटर पी म्हणतात. शास्त्रीय नाव डेव्हिएशिया लॅटिफोलिया. निलगिरीच्या उंच झाडांखाली माणसाच्या उंचीचं, कधी त्याहून मोठंही वाढतं. फुलाची ठेवण अगदी तुरीची: वर उभी मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, मध्ये होडीसारख्या मिटलेल्या दोन. रंग केशरी-पिवळा, आत गर्द तांबूस डाग. आकाराने मात्र तुरीच्या फुलाहून बरंच लहान, आणि पानांच्या बेचक्यातून त्याचे तुरे निघतात. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडायला बंदी आहे, म्हणून खाली गळलेलं एक उचलून भिंगाखाली उघडलं. आत दहा पुंकेसर, दहाही सुटे! तुरीत नऊ एकमेकांना जोडलेले असतात आणि दहावा तेवढा वेगळा.

पान तर तुरीचं वाटतच नाही. तीन पर्णिका नाहीत, एकच रुंद, चिवट पान. दोन्ही बाजूंना शिरांची जाळी इतकी उठून दिसते की बोट फिरवलं तरी कळते. चवीला कडू. पूर्वी इथे वसलेले गोरे लोक बिअरमध्ये हॉप्सऐवजी (बिअरला कडवटपणा आणणारी वेलीची फुलं) हाच पाला घालत, असं सांगतात.

पण तुम्हाला आवडेल ती शेंग. चपटी, त्रिकोणी, नखाएवढी. आत एखादं-दुसरं बी. वाळली की तडकते आणि बी लांब उडतं. बियाला एक तेलकट गाठ असते. तिच्यासाठी मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, गाठ खातात आणि बी तिथेच टाकून देतात. त्याचं कवच इतकं टणक की नुसत्या पावसाने ते सहसा रुजत नाही. वर्षानुवर्षं तसंच मातीत पडून राहतं. वणव्याची धग लागली की कवचाला चीर जाते, पाणी आत शिरतं आणि जळल्या रानात रोपंच रोपं उगवतात. मुळांवर आपल्या कडधान्यांसारख्याच गाठी असतात, त्यामुळे नत्राचीही सोय होते. १९८३च्या फेब्रुवारीत या डोंगरांच्या कडेची गावं वणव्यात होरपळली होती. अशा मुलखात आगीवर भरवसा ठेवून जगणारं झाड बघून मी थक्क झालो.

बी पाठवता येणार नाही, नियम फार कडक आहेत. फोटो ताईच्या फोनवर टाकतो. तुम्ही मात्र शेतात गेलात की तुरीचं एक फूल उघडून बघाच, आणि अळीचं काय झालं तेही कळवा. आईला साष्टांग नमस्कार, ताईच्या पोरांना गोड पापा.

आपला,
बाळू