क्यूब नापास, आणि ताबा चवथीपूर्वी हवा

म्हापसा

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार. फोंड्याच्या साइटचे आकडे पाहिले. क्यूब नापास, तरी मालकाला, म्हणजे बिल्डरला, चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) फ्लॅटचा ताबा द्यायचाय आणि त्यासाठी तुझी सही हवी. एम-२५ चा स्लॅब, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद हवी, आणि २८ दिवसांचे तीन क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) फुटले २१, २०.५ आणि १९.५ न्यूटनला. ‘एक क्यूब खराब होता’ हे कंत्राटदाराचं म्हणणं टिकत नाही. आयएस ४५६ नुसार, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त ढळला, तरच त्या नमुन्यावर शंका घेता येते. इथे तिन्ही जवळजवळ सारखेच. पण म्हणून लगेच त्याला चोरही ठरवू नकोस. क्यूब नीट ठोकले नसतील, टाकीत न ठेवता उन्हात राहिले असतील, तर स्लॅब चांगला असूनही क्यूब नापास होतात.

पीएमआयच्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या) नैतिक निर्णयाच्या पाच पायऱ्यांत दुसरी पायरी पर्यायांची, आणि माणसं तिथेच घसरतात. मालक दोनच पर्याय पुढे करतो: सही कर, नाहीतर काम बंद. मधली वाट तू काढायचीस. आजच टेकू परत लाव, वर टाइल्स-ब्लॉकचे ढीग रचू देऊ नकोस. मग कोअर काढ, म्हणजे स्लॅबलाच ड्रिल करून काँक्रीटचे नळकांडीसारखे नमुने, निदान तीन. जागा स्ट्रक्चरल कन्सल्टंटने ठरवायच्या. कंत्राटदाराने दाखवलेला कोपरा नको. लॅबचं बिलही शक्यतो मालकानेच भरावं. कोअरची सरासरी ताकद २५ च्या निदान ८५ टक्के, म्हणजे २१.२५, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली, म्हणजे १८.७५ च्या खाली नको. त्यात बसलं तर निर्धास्त सही कर. नाही बसलं तर लोड टेस्ट: पूर्ण स्वभार (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि सव्वापट वापरभार (माणसं-सामानाचा धरलेला भार), २४ तास. वापरभार काढल्यावर पुढच्या २४ तासांत वाक ७५ टक्के तरी भरून यायला हवा.

तोवर त्या मजल्याचा ताबा लांबवायचा, बाकीच्यांचा द्यायचा. ताबा लांबल्याच्या दंडाची रक्कम मालकाला आत्ताच सांग; चवथीच्या आदल्या दिवशी सांगितलीस तर सगळा राग तुझ्यावरच निघेल. आणि फ्लॅट घेणारा मीटिंगला नसतो रे, त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला हवं.

‘नवीन क्यूब भरून तारीख मागची टाक’ असं मालकमंडळी फोनवरच सांगतात. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाक: ‘आपण असं सुचवलंत, मी तसं करणार नाही, कोअरची तारीख ही.’ बहुतेक वेळा तो विषय तिथेच मिटतो. नाही मिटला तर कन्सल्टंटला लेखी कळव, मग मालकाच्या भागीदारांना. राजीनामा सगळ्यात शेवटी. तू गेलास की त्या जागी सही करणारा दुसऱ्या दिवशी मिळतो.

कंत्राटदाराकडून चवथीची भेट आली तर यंदा परत पाठव, काजूचा डबासुद्धा.

तुझा,
सुहास