बाबा, खताचं पोतं तुम्हीच मागा

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, थेरपीच्या मॅडमशी निवांत बोलले. स्वरयंत्र काढलं असलं तरी जीभ, ओठ, टाळू सगळं शाबूत आहे. श्वास मानेवरच्या छिद्रातून चालतो, त्यामुळे फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत पोचत नाही, अडचण एवढीच. म्हणून तोंडातली हवा अन्ननलिकेत ढकलून लगेच वर सोडायची. ती येताना अन्ननलिकेचं वरचं तोंड थरथरतं आणि आवाज निघतो. हवा थोडीच मावते, म्हणून दोन-तीन शब्दांनी पुन्हा भरावी लागते. तुटक वाटलं तर वाटू द्या.

सरावाला प, ट, क चे शब्द का देतात, तेही विचारलं. ही अक्षरं म्हणताना तोंडात दाब धरतो आणि त्यानेच हवा खाली जाते. म्हणजे 'कापूस', 'पोतं', 'कपाशी' हे तुमचे रोजचेच शब्द कामाचे! 'ह' मात्र जड जाईल, ख-घ-भ सुद्धा. 'खत' म्हणालात तर 'कत' ऐकू येईल. येऊ दे. अमळनेरला दुकानात 'कताचं पोतं' मागितलं तर कुणी दुसरं काही देणार आहे का? पण तुम्ही पाटी काढून लिहिता, नाहीतर आईकडे बघता, त्याने जीव तुटतो माझा.

आई, त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. थांब जरा. आणि धुळीत छिद्रावर ओलसर कापड, आंघोळीत पाणी आत जायला नको, हे तू बघतेसच. वांगी भाजताना त्यांना वास येत नाही म्हणालीस, कारण नाकातून हवाच जात नाही. ओठ मिटून, आतल्या आत जांभई दिल्यासारखा जबडा खाली घ्यायला सांग, थोडी हवा नाकात शिरते. भरताच्या दिवशी करून बघा.

डॉक्टर झडपेचं म्हणाले होते. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत ती बसवतात. छिद्र बोटाने झाकलं की फुप्फुसाची हवा तिच्यातून वर येते आणि वाक्य लांब बोलता येतं. मात्र काही महिन्यांनी बदलावी लागते, गळू लागली तर प्यायलेलं पाणी श्वासनलिकेत उतरून ठसका लागतो. खर्चाची धास्ती नको, बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी स्वस्तातली झडप तयार केलीय. ती तुम्हाला चालेल का, हे पुढच्या तपासणीत विचारायचंय. मी सोबत येईन, पण डॉक्टरांना तुम्हीच विचारा.

तुमची,
सुमन