लेट्युसला ह्युमिक देताना खताचाही हिशेब व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्ष-कांद्याच्या जोडीने आइसबर्ग किंवा रोमेन लेट्युस घेणारा नाशिक भागातला शेतकरी कृषी सेवा केंद्रात गेला, की विद्राव्य खतांच्या पिशव्यांसोबत ह्युमिकचा, म्हणजे मुळांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्युमिक आम्लाच्या काळ्या द्रावणाचा, डबा त्याच्या हाती दिला जातोच. ‘पांढरी मुळी चालते’ हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही. मात्र ह्युमिक सुरू केल्यावर खताची मात्रा किती कमी करायची, हे कोणी सांगत नाही. माझी तक्रार नेमकी तेवढीच आहे.

लिओनार्डाइट, लिग्नाइट अशा कोळशासारख्या पदार्थांतून अल्कलीच्या साहाय्याने काढलेला हा अर्क पिकाचे पोट भरत नाही, तर मुळांचे काम सुधारतो. मुळांच्या पेशींतून हायड्रोजन आयन अधिक प्रमाणात बाहेर टाकले जातात, आडव्या मुळ्या व केसमुळे वाढतात आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत अडकून पडलेले स्फुरद, लोह व जस्त पिकाला अधिक सहज मिळू शकते. लेट्युसची मुळे उथळ आणि पिकाचा काळ जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असल्याने सुरुवातीच्या आळवणीला महत्त्व आहे. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विविध पिकांच्या वरच्या भागाचे कोरडे वजन सरासरी २२ टक्के, तर मुळांचे २१ टक्के वाढल्याचे दिसले. पण ह्युमिकचा स्रोत, मात्रा आणि परिस्थिती यांनुसार हे आकडे बरेच बदलतात, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले आहे. सरासरी म्हणजे हमी नव्हे, आणि जास्त मात्रेने वाढ उलट खुंटू शकते.

पूर्ण नत्र देऊन वर ह्युमिक देण्याची पद्धत लेट्युसमध्ये विशेष अडचणीची ठरते, कारण हे पीक जादा नत्र पानांत नायट्रेटच्या रूपात साठवते. युरोपीय संघाने मोकळ्या रानातल्या आइसबर्गसाठी किलोमागे २,००० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली आहे. द्राक्षाच्या निर्यातीमुळे कीडनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादा पाळणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. पालेभाजीबाबत मात्र तो विचार अजून फारसा होत नाही. शिवाय नत्राच्या जोरावर गड्डा झपाट्याने वाढला, की आतल्या कोवळ्या पानांना कॅल्शियम पुरत नाही आणि त्यांच्या कडा करपतात.

त्यावर उपाय म्हणून दिले जाणारे कॅल्शियम नायट्रेट ह्युमिकच्याच टाकीत मिसळले जाते, हे तर मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. काचेच्या बरणीत दोन्हींची द्रावणे एकत्र करून थोडा वेळ ठेवावीत. तळाशी काळा गाळ बसतो आणि हाच गाळ पुढे ड्रिपर बंद करतो. फॉस्फोरिक आम्लासोबतही तसेच होते. उलट, ह्युमिक म्हणून घेतलेल्या द्रावणात आम्ल घालूनही काहीच खाली बसत नसेल, तर डब्यात ह्युमिक आम्ल नावापुरतेच असण्याची शंका घ्यावी. मळीचा रंगही काळाच असतो!

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये फेब्रुवारी २०२१ च्या दुरुस्तीने बायोस्टिम्युलंटचा (पिकाची वाढ व अन्नद्रव्यांचे शोषण सुधारणाऱ्या पदार्थांचा) समावेश झाला, त्यात ह्युमिक व फुल्विक आम्लेही आहेत, आणि तात्पुरत्या नोंदणीवर विक्रीची मुदत जून २०२५ मध्ये संपली. तरीही सुटे डबे बिलाशिवाय विकले जातात, याची तपासणी कृषी विभागाने करावी.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांना विनंती, की त्यांनी चुनखडीयुक्त जमिनीत लेट्युसचे प्रात्यक्षिक घ्यावे: शिफारशीत खत पूर्ण आणि पाऊण मात्रेत, दोन्ही ह्युमिकसह व ह्युमिकविना. गड्ड्याच्या वजनासोबत पानांतील नायट्रेटही मोजावे आणि एकरी खर्चासह ते आकडे हिवाळी लागवडीपूर्वी जाहीर करावेत. तोवर शेतकऱ्यांनी आपल्याच रानात दोन-चार वाफे ह्युमिकविना राखून काढणीला दोन्हीकडचे गड्डे वेगवेगळे तोलावेत.

आपला,
एक भाजीपाला उत्पादक, नाशिक