हप्ता संपला तरी पाच तारीख सोडू नकोस

दोस्ता,

संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घे गोड गोड बोल. फोन झाला त्याला चार दिवस झाले पण विषय डोक्यातून जातच नाहीये, व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात लिहिण्यापेक्षा म्हटलं एकदाच निवांत बसून सगळं लिहून काढू. जेवणं झालीत, पोरं झोपलीत, ही शेजारी बसून शेंगदाणे सोलतीये आणि मधेमधे सांगतीये की हे पण लिहा, ते पण लिहा.

तू म्हणालास ५ फेब्रुवारीला शेवटचा हप्ता कापला जाणार आणि मग हिशोबाची वही बंद, आता जरा मोकळं जगायचं. खरं सांगतो ऐकून डोळ्यात पाणी आलं. काकांच्या ऑपरेशनपासून तुझी ओढाताण बघतोय, वहिनींनी रात्री रात्री बसून ब्लाउज शिवले, तू दिवाळीच्या बोनसला हात न लावता तो जसाच्या तसा कर्जात भरलास, हे सोपं नव्हतं रे. पण "वही बंद" हे दोन शब्द ऐकले आणि पोटात गोळा आला, कारण मी अगदी हेच केलं होतं आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही.

माझं तुला सगळं माहितीये, ताईच्या लग्नाचं चार लाखाचं पर्सनल लोन, १४ टक्के, पाच वर्षं, महिन्याला ९,३०७ रुपये. कंपनीच्या सोसायटीच्या कर्जाचे ४,५०० पगारातूनच कापून जायचे. वर ते क्रेडिट कार्ड, त्याच्यावर एक लाख दहा हजार थकले होते तेव्हा मी महिन्याला साडेपाच हजार भरायचो आणि वाटायचं की फिटतंय, एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ३,८५० रुपये नुसतं व्याज, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी ६९३, म्हणजे साडेपाच हजारातून मुद्दल फिटायचं साडेनऊशे रुपये. त्या रात्री हिनं स्वतःहून पाटल्या काढून दिल्या आणि त्या तारण ठेवून आधी कार्ड संपवलं. तेव्हाच वही सुरू झाली. पोराच्या शाळेचं अर्धं कोरं राहिलेलं लाँगबुक, त्यात हिच्या अक्षरात रकाने, दूध, किराणा, भाजी, गॅस, लाइट बिल, रिचार्ज, आईचं औषध, पेट्रोल आणि शेवटी "इकडतिकडचं". पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठा आकडा त्या "इकडतिकडचं"खाली निघाला होता हे मला अजून आठवतंय.

तर फेब्रुवारी २०२४ ला आमचा शेवटचा हप्ता गेला. सोसायटीचं त्याच्या महिनाभर आधी संपलं होतं, पाटल्या वर्षभर आधीच सोडवून आणल्या होत्या. त्या रविवारी पोरांना घेऊन बाहेर जेवलो, ते योग्यच होतं, त्याचं मला काही वाटत नाही. चुकलं ते पुढं. मार्चपासून मी वही लिहिणं सोडलं. हिनं दोन-तीनदा विचारलं, मी म्हटलं आता कशाला, आता कुणाचं देणं आहे का. महिन्याला १३,८०७ रुपये मोकळे झाले होते, चार महिन्यांचे झाले पंचावन्न हजारांच्या वर, आणि जूनअखेर खात्यात किती होते माहितीये, सहा हजार दोनशे.

कुठं गेले ते मला सांगताच येईना. काही मोठं घेतलं म्हणावं तर एक मोबाईल, तोही नो कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर, महिना २,४९९. (हे नो कॉस्ट प्रकरण पण नीट बघत जा, रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठंतरी प्रोसेसिंग फीमध्ये वगैरे घातलेलं असतं.) बाकी सगळं चिल्लर. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पहिल्या टर्मची फी १२,००० भरायची होती, ती मी कार्डावर भरली, त्यात काय एवढं म्हणून. बिल आलं आणि मी सोफ्यावर बसून मोबाईलवर ते बघत होतो, एक बटण पूर्ण रक्कम आणि एक बटण मिनिमम ड्यू, म्हणजे आत्ता थोडेच भरायचे आणि बाकी थकवायचे, आणि माझा अंगठा मिनिममवर गेला होता रे. ही मागून चहा घेऊन आली, स्क्रीनकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हे बटण ओळखीचं आहे आपल्या."

मी फोन खाली ठेवला. पूर्ण रक्कम भरली नसती तर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागलं असतं, पुन्हा तेच दळण. ती उठली, कपाटातल्या रद्दीच्या गठ्ठ्यातून वही काढून आणली, आम्ही मे महिन्याचं स्टेटमेंट उघडलं आणि एकेक एंट्री लिहायला लागलो. यूपीआयच्या १८७ एंट्र्या. वीस रुपये, चाळीस रुपये, एकशे दहा, दोनशे साठ. चहा, वडापाव, ज्यूस, पोरांची गेम, दोन ॲप अशी की जी आम्ही बघतही नव्हतो पण ऑटोपेनं पैसे जात होते. रात्रीचा एक वाजला लिहिता लिहिता. आईनं त्या महिन्यात चष्मा बदलायचाय म्हटलं होतं आणि मी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं होतं, ते त्या यादीकडं बघताना आठवलं आणि मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

मला त्या रात्री कळलं ते तुला सांगायचंय. कर्ज होतं तेव्हा आपण शिस्तीत होतो ती शिस्त आपली नव्हतीच, ती पाच तारखेच्या धाकाची होती. खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स होणार, दंड लागणार, वसुलीवाल्यांचे फोन येणार, म्हणून आपण बाकी सगळीकडं हात आवरत होतो. धाक गेला की हात सुटतो. आणि त्या पैशाला महिन्याच्या महिन्याला जायचं एक ठिकाण होतं, ते ठिकाण बंद झालं की पैसा वाट फुटेल तिकडं जातो. म्हणून माझं ऐक, ५ तारीख सोडू नकोस. हप्ता तोच, तारीख तीच, फक्त बँकेऐवजी तो स्वतःच्या घराला भर.

आम्ही जुलै २०२४ पासून असं केलं की दुसऱ्या बँकेत एक बचत खातं काढलं, त्याला यूपीआय जोडलंच नाही, कार्ड हिच्या कपाटात साड्यांखाली. ५ तारखेला ९,३०७ रुपये आपोआप तिकडं जातात. मुद्दाम नऊ हजार केले नाहीत की दहा केले नाहीत, तोच आकडा ठेवला, कारण त्या आकड्याशिवाय जगायची आपल्याला पाच वर्षं सवय झालेली आहे, तो गेला तरी काही अडत नाही. जरा साठले की एफडी करतो. घरखर्च आमचा साधारण ३१ हजार, अडचणीला सहा महिन्यांचा तरी बाजूला असावा, ते झाले १ लाख ८६ हजार, आणि ९,३०७ गुणिले वीस केलं तर जवळपास तेवढेच होतात, म्हणून हिनं वहीच्या मागच्या पानावर वीस चौकोन आखले, दर महिन्याला पोरगी एक रंगवते.

सोसायटीचे ४,५०० होते ते आम्ही वर्षाच्या खर्चाला लावले. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण आपण कर्जात जातो ते पुष्कळदा अशा खर्चांनी जातो जे दरवर्षी येतात आणि दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात. शाळेची फी वर्षाची २४,०००, वह्या-युनिफॉर्म सहा हजार, विम्याचा हप्ता ८,४००, दिवाळी नऊ हजार, गाडीचा विमा १,८००, घरपट्टी ३,१००. बेरीज ५२,३००, आणि साडेचार हजार गुणिले बारा म्हणजे ५४,०००. जून काय अचानक येतो का रे, दिवाळी काय अचानक येते का. गेल्या जूनमध्ये मी फी भरायला गेलो तेव्हा आधीच बाजूला काढलेले पैसे भरले आणि घरी येऊन पहिल्यांदा शांत झोपलो. तुझ्याकडं शेतीचं पण आहे, खत-बियाणं, ते मे-जूनलाच लागतं, त्याचा पण असाच दर महिन्याला बारावा हिस्सा काढून ठेव.

आता नोव्हेंबरचं सांगतो, तुला फोनवर नुसतं आई पडली एवढंच सांगितलं होतं. रात्री साडेदहाला बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये काउंटरवर म्हणाले आधी वीस हजार भरा. मी उभा होतो आणि सवयीनं डोक्यात नावं यायला लागली, कुणाला फोन करू, तुला करू का, मेहुण्याला करू का, कार्ड चालेल का. तेवढ्यात हिनं पर्समधून ते साड्यांखालचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. निघताना आईची शाल घेतली तेव्हा तेही घेतलं होतं तिनं. मशीनमधून ती चिठ्ठी बाहेर आली ना, तिच्यावर सही केली आणि आत आईजवळ जाऊन बसलो, तिचा हात धरला. रात्रभर मी फक्त तिच्याजवळ होतो, पैशाचा विचार डोक्यात नव्हता. बाबांच्या वेळेस मी सगळी रात्र बाहेर फोन करत फिरत होतो ते तू बघितलंयस. एकूण ६८,००० गेले, खात्यात तेव्हा सतरा महिन्यांचे १ लाख ५८ हजार होते. पोरीनं आठ चौकोन नव्यानं आखलेत. आई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते.

बाकी दोन-तीन गोष्टी सांगायच्यात त्या पटपट लिहितो.

शेवटचा हप्ता गेला की लगेच बँकेत जाऊन नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं बाकी नाही असा दाखला घे, आणि ऑटो डेबिटचं मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द झालंय का बघ. महिना-दीड महिन्यानं सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो, बँका ठरावीक दिवसांनी माहिती पाठवत असतात त्यामुळं तोवर आलेलं असतं. तिथं "क्लोज्ड" असं लिहिलेलं पाहिजे, "सेटल्ड" असेल तर लगेच बँकेला लेखी दे, सेटल्ड म्हणजे यानं पूर्ण भरलं नाही असा अर्थ होतो.

दुसरं, तुला मेसेज यायला लागतील. अभिनंदन, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड पाच लाख, दोन मिनिटांत खात्यात. तू नीट फेडलंस म्हणूनच ते येतात, त्यांच्या दृष्टीनं तू आता चांगला गिऱ्हाईक आहेस. माझ्याकडं पहिला मेसेज तर हप्ता संपल्यावर नवव्या दिवशी आला. वाचायचा आणि डिलीट करायचा.

तिसरं जरा अवघड आहे. लोकांना कळतं. अमक्याचं कर्ज फिटलंय, त्याच्याकडं आता असतील. उसने मागतील ते एक, पण पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही मागायला येतील ते जास्त वाईट, कारण तिथं पैसे द्यायचे नसतात फक्त सहीच तर करायची असते असं वाटतं. सही म्हणजे कर्जच आहे बाबा. कर्जदारानं भरलं नाही तर जामीनदाराकडून पूर्ण वसुली करता येते, कायदाच तसा आहे, आणि आपल्या सिबिलला पण ते दिसतं. मी चुलतभावाला नाही म्हणालो, सहा महिने तो बोलत नव्हता, मला त्रास झाला, अजून होतो. पण त्याला मुलीच्या क्लासच्या फीचे पाच हजार मी दिले, परत मागणार नाही असं ठरवून दिले आणि वहीत तसंच लिहिलं. जेवढं सोडून देता येईल तेवढंच द्यायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आणि मोकळं जगायचं म्हणालास ते पण जग ना. आमच्या वहीत आता "मौज" नावाचा रकाना आहे, महिन्याला दीड हजार, त्यात कोण काय खातं कुठं जातं याचा हिशोब कुणी कुणाला विचारत नाही. गेल्या वर्षी त्यातलेच साठवून आईला पंढरपूरला नेऊन आणलं, पाय मोडायच्या आधी, बरं झालं नेलं. हप्ते होते तेव्हा आपल्या वहीत असा रकानाच नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच हप्ता संपल्यावर मी असा सुटलो, पाच वर्षांची भूक एकदम निघाली. तू सुरुवातीपासूनच हा रकाना ठेव, आणि पहिल्या महिन्यात त्यातून वहिनींसाठी काहीतरी घे, त्यांनी स्वतःला किती वर्षांत साडी घेतली नाहीये ते विचार एकदा.

हिशोब आम्ही रविवारी रात्री करतो, जेवणानंतर वीस मिनिटं, दोघांनी मिळून. एकट्यानं केला की आपण आपल्यालाच सूट देतो. रोज लिहायला जमत नसेल तर यूपीआयची हिस्ट्री बघून रविवारी एकदम लिही, चालतं. एखादा आठवडा चुकला तर मागचं भरत बसू नकोस, पुढच्या रविवारपासून धर.

ही म्हणतीये की वहिनींना सांगा शिवणकामाचे पैसे घरखर्चात मिसळू नका, त्यांच्या नावानं वेगळी आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रकमेची ठेव करा, पोस्टात शंभर रुपयांपासून होते. मला पण ते पटतंय. तुझं कर्ज फेडायला त्यांची मशीन फार चालली, आता थोडं त्यांच्यासाठी चालू दे.

पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज आला की मला आधी फोन कर, मी सेकंड शिफ्टला आहे पण उचलेन. आणि सहा तारखेला जाऊन ते दुसरं खातं काढ, पुढं ढकलू नकोस, मार्चची ५ तारीख यायच्या आत व्हायला पाहिजे. होळीला सगळे इकडं या, आईला तुला बघायचंय, येताना ती वही घेऊन ये, आपण चौघं बसून तुझे रकाने आखू.

तुझाच