त्वचेच्या लिम्फोमात नियामक पेशींना सरसकट शत्रू ठरवू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यापासून नियामक टी पेशींविषयी (टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीतील एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मराठीत आवर्जून लिहिले जात आहे, आणि आपल्या दैनिकातील लेखही अभ्यासपूर्वक लिहिलेला होता. शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर हल्ला होऊ नये म्हणून या पेशी इतर प्रतिकारक पेशींना कसे आवरतात, हे त्यात सोप्या भाषेत आले आहे. मात्र कर्करोगात या पेशी दूर केल्या की प्रतिकारशक्ती मोकळी होऊन रोगावर तुटून पडते, हे लेखाच्या अखेरीस केलेले सरसकट विधान त्वचेच्या टी पेशींच्या लिम्फोमाला, म्हणजे त्वचेत वाढणाऱ्या टी पेशींच्याच कर्करोगाला, जसेच्या तसे लागू पडत नाही. विकृतिशास्त्राची अध्यापक म्हणून त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

फुफ्फुसाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात रोगपेशी एका जातीच्या आणि त्यांच्याशी लढणाऱ्या टी पेशी दुसऱ्या जातीच्या असतात. त्वचेच्या या लिम्फोमात मात्र बिघडलेली पेशी हीच टी पेशी असते. मायकोसिस फंगॉइडीस हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून त्याचे वर्णन आलिबेर यांनी १८०६ मध्येच केले होते. त्याचे सुरुवातीचे चट्टे इसब किंवा सोरायसिससारखे दिसतात, त्यामुळे निदान होईपर्यंत अनेकदा वर्षे निघून जातात. अशा चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्यात रोगग्रस्त टी पेशी, त्यांच्यावर चालून आलेल्या निरोगी टी पेशी आणि नियामक टी पेशी अशा तिन्ही एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. मग नियामक पेशी येथे नेमके कोणाला आवरत असतात? लढणाऱ्या पेशींना, की रोगपेशींनाही?

या प्रश्नाची आजवर मिळालेली उत्तरे एका दिशेची नाहीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या रुग्णांच्या त्वचेत फॉक्सपी३ हे प्रथिन दाखवणाऱ्या नियामक पेशी अधिक होत्या, त्यांचे आयुर्मान अधिक असल्याचे दिसले. या पेशी रोगग्रस्त टी पेशींच्या वाढीलाही लगाम घालत असाव्यात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो आणि मला तो पटतो. रक्तातही रोगपेशी फिरू लागतात अशा सेझरी सिंड्रोममध्ये काही संशोधकांना या नियामक पेशी कमी आढळल्या, तर इतर काहींना निवडक रुग्णांच्या रोगपेशींवरच फॉक्सपी३ आढळले, म्हणजे तेथे रोगपेशीनेच नियामक पेशीचे रूप घेतलेले असू शकते. त्यातच माणसाच्या साध्या टी पेशीही चेतवल्या गेल्या की थोडा काळ हे प्रथिन दाखवतात. म्हणून केवळ फॉक्सपी३ रंगवून दाखवणाऱ्या एका चाचणीच्या आधारे ‘नियामक पेशी वाढल्या’ किंवा ‘घटल्या’ असा निष्कर्ष काढताना फार जपावे लागते. प्रयोगशाळेच्या अहवालातील असा आकडा वाचून रुग्णाने घाबरून जाऊ नये.

उपचारांतही हीच गुंतागुंत आहे. मोगॅम्युलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या सीसीआर४ या ग्राहीला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, ती रोगपेशींवर असते आणि नियामक पेशींवरही असते. दोन्ही घटल्यामुळे काही रुग्णांना मोठा लाभ होतो. पण नियामक पेशी कमी झाल्याने अंगावर पुरळही उठू शकते, आणि ते मूळ आजारासारखेच दिसत असल्याने रोग बळावला की औषधाचा परिणाम झाला, हे ठरवण्यासाठी पुन्हा बायोप्सी करावी लागते. या औषधानंतर लवकरच दात्याच्या मूळपेशींचे रोपण केल्यास दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करण्याचा धोका वाढतो, हेही नोंदले गेले आहे. नियामक पेशींचे मोल त्या नाहीशा झाल्यावर किती ठळकपणे कळते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

नियामक पेशींपेक्षा वेगळा, पण प्रतिकारशक्ती आवरून धरणारा आणखी एक मार्ग म्हणजे पीडी-१, टी पेशींवरील लगामासारखे काम करणारे एक प्रथिन. तो रोखणाऱ्या औषधांनी मायकोसिस फंगॉइडीस व सेझरी सिंड्रोमच्या काही रुग्णांचा आजार आटोक्यात आणला आहे. मात्र एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे होणाऱ्या, त्वचेतही उतरणाऱ्या प्रौढांच्या टी पेशी ल्युकेमिया-लिम्फोमात निव्होलुमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध दिल्यावर तीन रुग्णांचा आजार झपाट्याने वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगपेशी स्वतःच टी पेशी असेल, तर लढणाऱ्या पेशीबरोबर तीही मोकळी होऊ शकते.

मी हे लिहिण्याचे कारण असे की, ‘प्रतिकारशक्ती मोकळी करा’ हे वाक्य वाचून या आजाराचे रुग्ण प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी उत्पादने स्वतःच्या मनाने घेऊ लागतात, किंवा चालू असलेल्या प्रकाशोपचाराविषयी साशंक होतात. सुरुवातीच्या टप्प्यातील अनेक रुग्ण त्वचेवरील मलमे आणि प्रकाशोपचार यांवर वर्षानुवर्षे चांगले राहतात. म्हणून या विषयावरील पुढील लेखात कोणता कर्करोग आणि त्याचा कोणता टप्पा याचा उल्लेख आवर्जून असावा, आणि टी पेशींच्या लिम्फोमाचा अपवाद निदान एका परिच्छेदात सांगावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक