काचेची निवटी हवी

महोदय,

लहानपणी वडिलांच्या जाळ्यात आलेली जेलीफिश मी बरणीत घालून घरी आणली. सकाळी तळाशी नुसता बुळबुळीत गाळ! मद्यार्कातही अशा मऊ जिवांचा रंग-आकार टिकत नाही. म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी १८६३ ते १८९० दरम्यान ते ज्योतीवर काच वितळवून घडवले. त्यांचे दोऱ्याएवढे तंतू फोटोत पाहतानाही श्वास रोखला जातो.

आमच्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, पण गर्दी होते ती फ्लेमिंगोंसाठी. चिखलावर उड्या मारणारी, डोळे वर काढून टकमक बघणारी निवटी ही मासळी कुणाच्या खिजगणतीत नाही. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात काचेची निवटी, चिंबोरी घडवून ठेवावीत. माझ्या नातीला ती फक्त ताटातच ठाऊक आहेत.

– एक कोळी आजोबा, दिवा कोळीवाडा, ऐरोली