बाई, तुमची पाकिटं अजून कपाटातच आहेत

नमस्कार बाई,

तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षं होत आली. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "जेवलास का" वर जाता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, तुमच्या हाताखालनं गेलेली आटपाडी तालुक्यातली बरीच पोरं इथं आहेत, कुणीतरी वाचून दाखवेलच.

मी एमए मराठी, वर बीएड. चिपळूणकरांची निबंधमाला 1874 ला सुरू झाली आणि तिचे 84 अंक निघाले हे मला झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण नववीच्या पोरांना दीड पानाचा निबंध लिहायला शिकवायचं कसं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपलं फळ्यावर प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप लिहिलं, भोवती चौकटी काढल्या, पोरांनी त्या चौकटी पण पट्टीनं आखून वहीत उतरवल्या. मग आत्मकथनाचा विषय दिला. 46 वह्या तपासल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त वह्यांत कुणीतरी सकाळी फिरायला गेलेलं आणि मागनं हाक आलेली. अहो आमच्या गावात सकाळी फिरायला जातं कोण? पोरं रानात दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला जातात!

स्टाफरूममध्ये मी गाईडवाल्यांच्या नावानं बोटं मोडत बसलेलो, तुम्ही चष्म्यावरनं बघितलंत आणि म्हणालात, "अरे, डबा दिलास, भाजी कोण देणार?" (वर्गात मला कायम 'सर', स्टाफरूममध्ये 'अरे'. हे पण तुमच्याकडनंच शिकलो, नवीन मॅडमना मी पोरांसमोर नावानं हाक मारत नाही.)

दुसऱ्या दिवशी तुमचा ऑफ तास सोडून माझ्या वर्गात आलात. विषय होता एसटीचं मनोगत. एका मुलीनं सगळं घातलं होतं, 1 जून 1948, पहिली गाडी पुणे ते अहमदनगर, मग प्रदूषण, मग डिझेलचे भाव, शेवटी वाहतुकीचे नियम पाळा. मी तर तिला चांगले मार्क दिले होते. तुम्ही वही मिटलीत आणि तिला विचारलंत, "ही एसटी एकच वाक्य बोलणार आणि गप बसणार. काय बोलेल?" पोरगी गप्प. तुम्ही पण गप्प. मला राहवेना, मी मधे बोलायला गेलो तर हातानंच थांबवलंत. ती दोन मिनिटं मला अर्ध्या तासासारखी गेली बाई. मग ती हळूच म्हणाली, "मी रोज तुमच्या गावात मुक्कामाला असते, पण मी आले नाही त्याच दिवशी तुम्हाला माझी आठवण येते."

आणि तिथनं पुढं सगळं आपोआप लागत गेलं. पहिल्या परिच्छेदात रात्रीची मुक्कामी गाडी, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपलेले. दुसऱ्यात सकाळची सहाची फेरी आणि अहिल्याबाई होळकर योजनेचा पास दाखवत चढणाऱ्या मुली. तिसऱ्यात गाडी न आलेला दिवस, चाचणी परीक्षा बुडलेली. "मग 1948 कुठं बसवायचं?" असं तुम्ही विचारलंत तर तिनं स्वतःच त्यावर काट मारली. मला कधी एवढं सहज पुसता आलं नसतं.

पाकिटांचं तर सांगायलाच नको. निबंध परिच्छेदाच्या जागी कापायचा, पट्ट्या पाकिटात घालायच्या, चार-चार पोरांच्या गटाला द्यायच्या, क्रम लावा म्हणायचं. कुठल्याही क्रमानं लावल्या तरी चालत असेल तर निबंध जमलेला नाही, एवढाच नियम. मी फुशारकीनं माझा 'आदर्श' निबंध कापून दिला आणि चार गटांनी तो चार प्रकारे लावला, चारी बरोबर वाटत होते! तुम्ही हसला नाहीत, खिडकीतनं बाहेर बघत बसलात. ते जास्त लागलं, पण त्या रात्री मी तो परत लिहायला घेतला.

दहावीच्या मराठी पेपरातलं वेळेचं गणित पण तुमचंच वापरतो. 80 मार्कांना तीन तास, म्हणजे 8 मार्कांच्या निबंधाला 18 मिनिटं, त्यातली पहिली तीन नुसती पेन्सिलीनं, एक वाक्य आणि तीन-चार मुद्दे. आणि वैचारिक निबंधात 'मोबाईल शाप की वरदान'ला कुणी "ते आपल्यावर अवलंबून आहे" लिहून सुटायला लागलं की मी पण तुमच्यासारखं विचारतो, "बरं, मग तू काय करणार ते लिही." एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. सुरुवातीला सुविचार नाही म्हणजे नाही असं तुमचं होतं, मी एखादा चालवून घेतो, घाबरणाऱ्या पोराला पहिली ओळ मिळाली की पुढं पेन चालतं. नंतर खोडायला लावतो.

पाकिटं तुमच्या जुन्या कपाटातच ठेवलीत, खालच्या कप्प्यात. फक्त त्या एसटीच्या पाकिटातली तिसरी पट्टी हरवलीय, गाडी न आलेल्या दिवसाची. तुमच्याकडं एखादी कॉपी असली तर सांगा, नाहीतर सोमवारी दोनच पट्ट्या वाटतो आणि तो दिवस पोरांकडनंच लिहून घेतो.

तुमचा,
(स्टाफरूममधला) अरे